हृदयारोपण आणि मृत्यूची व्याख्या

फेब्रुवारी १९६८मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी एका रुग्णाच्या छातीत दुसऱ्याचे हृदय बसवले. भारतातले हे पहिले हृदयारोपण आणि जगातले सहावे. केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले केले, त्याला जेमतेम अडीच महिने झाले होते. सेन यांचा रुग्ण काही तासांतच दगावला. सप्टेंबरमधल्या दुसऱ्या प्रयत्नातल्या रुग्णानेही दिवस पुरा केला नाही. देशात यशस्वी हृदयारोपण व्हायला ऑगस्ट १९९४ उजाडला.

मधल्या २६ वर्षांचे खापर तंत्रावर फोडणे मला पटत नाही. शिवणकाम केव्हाच साधले होते. स्टॅनफर्डच्या नॉर्मन शमवे यांनी कुत्र्यांवर बसवलेल्या रीतीत रुग्णाच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांची मागची भिंत जागेवर ठेवून तिलाच नवे हृदय शिवत. म्हणून अशा रुग्णाच्या ईसीजीवर कधी कधी दोन ठेके उमटतात: एक नव्या हृदयाचा, दुसरा उरलेल्या जुन्या पट्टीचा. ती आपली इशारे देत राहते, ऐकणारे कुणी नसते. नव्या हृदयाच्या नसाही कापलेल्या असतात. माणूस दचकला तरी ते लगेच धडधडत नाही, रक्तातून ॲड्रिनलिन पोचेपर्यंत थांबते. प्रेमकवितेला ही जरा अडचणीचीच बाब.

घोडे पेंड खात होते ते इतरत्र. परके हृदय शरीराने नाकारू नये म्हणून दिलेली औषधे सगळीच प्रतिकारशक्ती दडपत. बर्नार्ड यांचा पहिला रुग्ण अठराव्या दिवशी न्यूमोनियाने गेला. नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीपासून मिळालेले सायक्लोस्पोरिन १९८०च्या दशकात वापरात आले, तेव्हा हा पेच बराच सुटला.

दुसरा पेच मरणाचा. हृदय थांबले म्हणजे माणूस गेला, ही जुनी खूण. आणि आरोपणाला तर धडधडते हृदय हवे. मेंदूच्या मृत्यूचे निकष हार्वर्डच्या समितीने मांडले ऑगस्ट १९६८मध्ये, म्हणजे सेन यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर. त्याच महिन्यात जपानमध्ये डॉ. वाडा यांनी हृदयारोपण केले आणि त्यांच्यावर खुनाच्या आरोपाची चौकशी झाली. खटला उभा राहिला नाही, पण तिथले पुढचे हृदयारोपण १९९९मध्ये झाले!

आपल्याकडे अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्याने मेंदूस्तंभाचा मृत्यू हा मृत्यू मानला. जुलै १९९४मध्ये त्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि महिन्याभरात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी हृदय बसवले. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने कायदा आरंभी केंद्रशासित प्रदेशांखेरीज महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश एवढ्यांनाच लागू होता.

काढलेले हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या छातीत सुरू व्हावे लागते, म्हणून रस्ते मोकळे ठेवतात. वाट पाहणाऱ्याला यांत्रिक पंपाने काही काळ तगवता येते. मात्र मेंदूस्तंभाच्या चाचण्या दोनदा कराव्या लागतात, निदान सहा तासांच्या अंतराने. तेवढा वेळ नातेवाईक अतिदक्षता विभागाच्या दाराशी असतात. आत अंग ऊबदार असते, व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होत असते, पडद्यावर ठोके दिसत असतात.