वॉर्डाची रेघ

१९६० साली महाराष्ट्रात २६ जिल्हे होते. २०१४ मध्ये पालघर झाल्यावर ते ३६ झाले. मधल्या काळात, १९६२ पासून, जुन्या लोकल बोर्डांच्या जागी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या. या नकाशांशी आपल्या समाजाचा संबंध काय? परमपूज्य बाबासाहेबांनी १९३२ सालीच मुंबई कायदे कौन्सिलात ग्रामपंचायत बिलावर बोलताना अस्पृश्यांसाठी राखीव जागा मागितल्या होत्या. १९९३ साली अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने त्या देशभर बंधनकारक केल्या. पण त्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. गाव तोडले वा जोडले की हिशेब फिरतो. शिवाय वॉर्डाची रेघ बौद्धवाड्याच्या मधून गेली, की मते विखुरली! म्हणून प्रारूप रचना प्रसिद्ध होताच आम्ही ती वाचतो, मुदतीत लेखी हरकत देतो आणि पोच घेतल्याशिवाय हलत नाही.