आधी स्प्रिंग, मग पेट्या

मुलुंड चेकनाक्यावरून मुरबाडमार्गे माळशेजला निघालेली हीरो एक्सपल्स २०० दिसली की लोकांची नजर जाते सामानाच्या पेट्यांवर आणि जादा दिव्यांवर. खरं काम मागच्या स्प्रिंगचं आहे. या गाडीचं मागचं चाक सुमारे १७० मिलिमीटर वरखाली होतं. स्वार सामानासकट बसल्यावर त्यातलं साधारण एक तृतीयांश, म्हणजे ५५-६० मिलिमीटर, खर्ची पडावं. गाडी जास्त दबली, तर खड्ड्यासाठी हालचालच उरत नाही. शिवाय मागचा भाग बसला की पुढचा फोर्क जास्त तिरका होतो आणि हँडल हलकं लागतं. मोजायला शिवणकामाची टेप आणि एक मित्र पुरे. स्प्रिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब) आवळून भागलं नाही, तर कडक स्प्रिंग घाला.

पेट्या मागच्या आसाच्याही मागे टांगल्या, तर तरफेच्या नियमाने पुढच्या चाकावरचा भार घटतो. म्हणून पाणी आणि पाने अशा जड वस्तू टाकीलगत, खाली बांधा.

मागचं स्प्रॉकेट ४० ऐवजी ४४ दात्यांचं घातलं, तर चाकावरचा टॉर्क १० टक्के वाढतो; त्याच आरपीएमला वेग मात्र ९ टक्के घटतो, म्हणजे हायवेवर इंजिन ओरडत राहणार. चिखलात टायरची हवा कमी केली की जमिनीवरचा ठसा मोठा होतो. अति केलंत, तर दगडावर आपटून ट्यूब फाटते, रिमही वाकते.

सायलेन्सरच्या फंदात मी तरी पडणार नाही. ताकद नावापुरती, आवाज अख्ख्या सोसायटीला. वर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच: नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल चालत नाही.