कर्मणी म्हणजे पॅसिव्ह नव्हे

आज ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह व्हॉइस.

आपल्या मराठी मुलांचा इथे एक खास घोटाळा होतो, तो आधी मिटवू. शाळेत शिकवतात, ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग. कारण क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं: आंबा खाल्ला, पोळी खाल्ली. मग डोक्यात पक्कं बसतं की कर्मणी म्हणजे पॅसिव्ह, आणि मुलं बेधडक लिहितात, ‘द मँगो वॉज ईटन बाय राम’. पण त्या वाक्याचं सरळ इंग्रजी आहे ‘राम एट द मँगो’. शुद्ध ॲक्टिव्ह! आपला प्रयोग सांगतो, क्रियापद कोणाप्रमाणे बदललं. इंग्रजी व्हॉइस पाहतो, वाक्याच्या पहिल्या खुर्चीवर कोण बसलंय: करणारा, की ज्याच्यावर क्रिया झाली तो. पॅसिव्हच्या जवळचं मराठी म्हणजे ‘आंबा खाल्ला गेला’, नाहीतर सरकारी कागदांचं लाडकं ‘करण्यात आले’.

खूण सोपी आहे. ‘बी’चं रूप आणि त्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप. काळ बदलतो तो ‘बी’ : इज रिटन, वॉज रिटन, हॅज बीन रिटन, विल बी रिटन. ‘रिटन’ जागचा हलत नाही. ‘वॉज’ दिसला की पॅसिव्ह, असं मात्र समजू नका. ‘वॉज रायटिंग’ ॲक्टिव्हच. आणि ‘स्लीप’सारख्या क्रियापदाला कर्मच नाही, त्याचा पॅसिव्ह कुठून करणार?

आता हे कशासाठी शिकायचं? दिल्लीत कोपर्निकस मार्गावर जुनं महाराष्ट्र सदन आहे, त्यामुळे आपल्या लोकांची तिथे ये-जा असते. त्याच रस्त्यावर फरीदकोट हाउसमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण बसतं. त्याच्या 2010च्या कायद्यात एक तत्त्व आहे: ज्याने प्रदूषण केलं, त्यानेच भरपाई द्यायची. समजा, गावच्या नदीबद्दल तुम्ही अर्ज लिहिलात, ‘वेस्ट वॉज डम्प्ड इन द रिव्हर’. व्याकरण बिनचूक. पण टाकला कोणी? भरपाई कोणाकडून घ्यायची? ठाऊक असेल तर नाव पहिल्या खुर्चीवर बसवा: ‘द फॅक्टरी डम्प्ड वेस्ट’.

फौजेत तरुण अधिकारी असताना मीही एका अहवालात लिहिलं होतं, ‘द गेट वॉज लेफ्ट ओपन’. साहेबांनी लाल पेन्सिलीने शेजारी एकच शब्द लिहिला: ‘हू?’ गेट माझ्याच तुकडीने उघडं टाकलं होतं.

म्हणून पॅसिव्ह वाईट, असं नाही हं. ‘माय सायकल वॉज स्टोलन’ अगदी योग्य; चोर कोण ते माहीत असतं तर काय हवं होतं!

आता वही घ्या. ‘आईने मला हाक मारली’ याचं इंग्रजी दोन्ही व्हॉइसमध्ये लिहा. मराठीत इथे कर्म ‘हाक’ आहे, इंग्रजीत कोण होतं ते बघा. पुढच्या भागात प्रश्नार्थक वाक्यं घेऊ.