नाव कोणाचे?

कलावंताने कष्टाने मिळविलेले नाव दुसऱ्याने परवानगीवाचून विक्रीला लावावे काय? गायक दलेर मेहंदी यांच्यासारख्या दिसणाऱ्या, त्यांच्या गाण्याच्या ओळी म्हणणाऱ्या बाहुल्या दुकानांतून विकल्या जात होत्या. त्यांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीने दावा लावला. २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाने ही विक्री थांबवून १ लाख रुपये भरपाई देवविली. कारण गिऱ्हाइकाला वाटते, की हा माल त्या कलावंताच्याच संमतीचा आहे. व्यापारचिन्हाचा कायदाही अशीच दिशाभूल रोखतो.

परंतु न्यायालयाने या हक्काला मर्यादाही घातली. विडंबन, व्यंगचित्र, थट्टा यांनी त्याचा भंग होईलच असे नाही. हे योग्यच झाले. दुसऱ्याच्या नावावर माल खपविणाऱ्याला जरूर अडवावे. पण थट्टेलाही अडविले, तर आपल्या स्नेहसंमेलनातील नकलाकारालाही कोर्टाची पायरी चढावी लागेल!