ज्योत जागी आहे का?

नळ उघडला. गीझरमध्ये टक-टक-टक सुरू झालं, निळी ज्योत भपकन पेटली आणि चार-पाच सेकंदांत विझली. पुन्हा टक-टक, पुन्हा ज्योत, पुन्हा काही नाही. नागाव-रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत किनाऱ्यावरच्या घरांत गॅस गीझरचं हे दुखणं ओळखीचं आहे. गीझर बिघडला, असं आपण म्हणतो. पण त्या पत्र्याच्या पेटीत एक पहारेकरी बसलेला असतो आणि ज्योत त्यानेच विझवलेली असते!

आधी ती पेटते कशी, ते बघा. नळ उघडला की पाण्याच्या वाहण्याने आतल्या रबरी पडद्याच्या दोन बाजूंना दाबाचा फरक पडतो. पडदा सरकतो, एक दांडी ढकलतो, छोटा स्विच दाबला जातो आणि टक-टक ठिणगी पडू लागते. पाणी वाहत नसेल तर ज्योत पेटणारच नाही, याची काळजी पाणी स्वतःच घेतं. म्हणून टक-टक मुळीच ऐकू आली नाही, तर संशय ठिणगीला वीज देणाऱ्या सेलवर किंवा पाण्याच्या दाबावर घ्यावा. 10 मीटर उंचीच्या टाकीतून साधारण 1 किलो दाब मिळतो. आपल्या बैठ्या घरांत टाकी नळाच्या वर जेमतेम अडीच-तीन मीटर, म्हणजे दाब पाव किलोच्या आसपास. त्यात विहिरीची बारीक रेती गीझरच्या तोंडच्या जाळीत अडकली, की पडदा हलणार कसा? कित्येकदा जाळी धुतली की काम भागतं.

आता ठिणगी. दोन सेलचे मिळून 3 व्होल्ट, पण ठिणगीला लागतात हजारो व्होल्ट! सर्किट थोडी थोडी वीज साठवतं आणि एका क्षणात सोडून देतं. खाऱ्या वाऱ्याने सेलच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढला, की हे साठवणंच अडतं. नवे सेल घालूनही ठिणगी पडत नसेल, तर त्या पट्ट्या आधी बघा.

आणि पहारेकरी? बर्नरवर एक बारीक तार ज्योतीत बुडालेली दिसेल. ज्योतीतून वीज वाहते, हे आपल्याला माहीत तरी असतं का? एवढ्या उष्णतेत गॅस आणि प्राणवायूची झटापट होताना विद्युतभारित कण तयार होतात: हलके इलेक्ट्रॉन आणि अवजड धन आयन. यांतला मुख्य आयन इलेक्ट्रॉनच्या सुमारे 35 हजार पट जड! लग्नाच्या गर्दीतून लहान पोर सुळकन निसटावं आणि हत्ती जागीच अडावा, तसा हा प्रकार. तार छोटी, समोरचा बर्नर मोठा. त्यामुळे वीज एका दिशेने सहज जाते, उलट दिशेने जवळजवळ नाहीच. सर्किट आलटून-पालटून दोन्ही दिशांनी वीज लावून पाहतं आणि हा एकतर्फीपणा हुडकतं. प्रवाह असतो अँपिअरच्या काही दशलक्षांश भागाएवढा.

यातली खरी कमाल आपल्या किनाऱ्यावरच कळते. तारेच्या चिनी मातीवर खारट ओल बसली तरी वीज वाहते, पण दोन्ही दिशांनी सारखीच. मिठाला ज्योतीचं सोंग आणता येत नाही! मात्र तार काजळली किंवा ओल फार झाली, तर खऱ्या ज्योतीची खूणही पुसट होते. मग पहारेकरी धोका पत्करत नाही, गॅसची वाट बंद करतो. गीझर आणि सिलिंडर बंद करून, सगळं थंड झाल्यावर ती तार बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसायची. विझण्याचं दुखणं पुष्कळदा तिथेच संपतं. गॅसच्या नळीला आणि झडपेला मात्र हात लावायचा तो मिस्त्रीनेच.

  

एका गोष्टीपुढे मात्र हा पहारेकरी आंधळा आहे. 6 लिटरचा गीझर पाव तासात साधारण पाव किलो गॅस जाळतो आणि त्यासाठी तीन घनमीटरहून अधिक हवेतला प्राणवायू खातो. 5 बाय 6 फुटांच्या, 8 फूट उंच न्हाणीघरात हवा असते पावणेसात घनमीटर! प्राणवायू कमी पडला की जळणं अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. दाराला कडी लावून आंघोळ करणाऱ्याला चक्कर येते तेव्हा बाहेर कुणाला पत्ताही नसतो. तार अशा वेळीही ज्योत आहे एवढंच सांगते.

म्हणून गीझर न्हाणीघरात नको. मागच्या पडवीत, पावसाच्या झडीपासून आडोशाला, मोकळ्या वाऱ्यावर बसवा आणि गरम पाणी नळाने आत आणा. खाऱ्या हवेत तारा नि पट्ट्या जरा जास्त वेळा पुसाव्या लागतील, तेवढ्या पुसा. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली, तर त्या दिवशी गीझर बंद ठेवून चुलीवर पाणी तापवा आणि मिस्त्रीला बोलवा.