चुकीची किंमत

सदोष माल कमी किमतीला जावा, हा बाजाराचा सरळ न्याय आहे. शिवण उसवलेला सदरा किंवा टवका उडालेली कपबशी दुकानदार कोपऱ्यात ठेवतो आणि गिऱ्हाईक ती घासाघीस करूनच घेते. अमेरिकेतील जुन्या शिकारी रायफलींच्या बाजारात मात्र हा न्याय कधी कधी उलटा चालतो. नळीवर काडतुसाचे माप चुकीचे कोरले गेलेली, कंपनीचे नाव उलटे उमटलेली किंवा अनुक्रमांकाचा ठसा दोनदा बसलेली एखादी रायफल तिच्या निर्दोष भावंडांपेक्षा अधिक भाव मिळवून जाते. वरवर पाहता हे सुखवस्तू हौशी लोकांचे खूळ वाटेल. परंतु या खुळाच्या मुळाशी काम, शिस्त आणि सचोटी यांविषयीचा एक गंभीर विचार आहे.

टपाल तिकिटांच्या संग्राहकांना ही गोष्ट नवी नाही. १८५४ मध्ये कलकत्त्यात चार आण्यांचे तिकीट शिळाछाप पद्धतीने तांबड्या व निळ्या अशा दोन रंगांत छापले गेले. प्रत्येक कागद दोनदा छापावा लागे. त्या गडबडीत काही तिकिटांवर चौकट सुलटी आणि राणी व्हिक्टोरियाचे मस्तक उलटे, असा प्रकार घडला. त्यांतील ज्या मोजक्या प्रती आज उरल्या आहेत, त्यांचे मोल फार मोठे आहे. याउलट १९६२ मध्ये अमेरिकेत डाग हॅमरशोल्ड यांच्या स्मरणार्थ निघालेल्या तिकिटाच्या काही प्रतींवर पिवळा रंग उलटा छापला गेला, तेव्हा टपाल खात्याने तीच चूक मुद्दाम कोट्यवधी प्रतींवर पुन्हा छापली आणि तिचे मोल एका फटक्यात संपवले. मोल चुकीला नसते, तिच्या दुर्मिळतेला असते, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे.

शिस्तीतून निसटलेली चूक

रायफलीच्या बाबतीत या दुर्मिळतेला आणखी एक अर्थ आहे. कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथील विंचेस्टरचा कारखाना घ्या. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले त्याचे १८९४ चे मॉडेल २००६ पर्यंत सत्तर लाखांहून अधिक संख्येने तयार झाले. एक रायफल कारखान्याबाहेर पडेपर्यंत कितीतरी कारागिरांच्या हातांखालून आणि तपासनिसांच्या नजरेखालून जात असे. इतक्या चाळण्यांतून एखादी ढोबळ चूक निसटते, तेव्हा ती अपवाद म्हणून उठून दिसते. जेथे दर दहावी वस्तू वाकडी, तेथे वाकडेपणाला कोण विचारतो? चुकीला प्रतिष्ठा मिळते ती चूक न करणाऱ्यांच्या पुण्याईवर.

अर्थात ही प्रतिष्ठा फसव्यांनाही मोह घालते. निर्दोष रायफल बनवणे कठीण. पण चांगल्या रायफलीवर एक खोटा ठसा मारणे सोपे. त्याहून मोठा धोका अज्ञानाचा. विंचेस्टरचे ६७ क्रमांकाचे साधे, लहान काडतुसाचे मॉडेल अनुक्रमांकाशिवायच विकले जाई, कारण प्रत्येक बंदुकीवर अनुक्रमांक असावा असे बंधन अमेरिकी कायद्याने १९६८ मध्ये घातले. तेव्हा 'कारखाना आकडा टाकायला विसरला' असे सांगत कोणी ती रायफल विकू लागला, तर तो नियमालाच अपवाद समजत असतो. तसेच गिऱ्हाइकाच्या खास मागणीनुसार लांब किंवा अष्टकोनी नळ्या बसवल्या जात. मॉडेल बदलताना जुने उरलेले भाग नव्या रायफलींत वापरले जात. या गोष्टी विचित्र दिसतात, पण चुका नव्हेत. चूक ओळखण्यासाठी आधी नियम पुरता ठाऊक असावा लागतो.

येथे निकाल देते ती जुनी वही. विंचेस्टरच्या हाती लिहिलेल्या नोंदवह्या आज वायोमिंगमधील कोडी येथील संग्रहालयात आहेत. अमुक क्रमांकाची रायफल कोणत्या मापाची, कोणत्या नळीची आणि कोणत्या दिवशी रवाना झाली, हे त्यांवरून पत्राने कळवले जाते. ज्या कारकुनाने कंटाळा न करता त्या ओळी भरल्या, त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. पण शंभर वर्षांनंतर खरे-खोटे ठरते ते त्याच्या अक्षरावर. अनेक मॉडेलांच्या या नोंदी विसाव्या शतकाच्या प्रारंभीच संपतात आणि तेथून पुढे तज्ज्ञाच्या नजरेवरच भिस्त ठेवावी लागते.

हेही विसरता कामा नये, की रायफल म्हणजे तिकीट नव्हे. नळीवरचा ठसा एक माप सांगत असेल आणि आतले छिद्र दुसऱ्याच मापाचे असेल, तर चुकीचे काडतूस घालणाऱ्याच्या जिवाशी गाठ असते. म्हणून अशी रायफल कपाटात शोभते. जाणकाराने तपासल्याखेरीज तिचा चाप ओढणे हा वेडेपणाच.

विचारपूर्वक केलेली चूक

परंतु या बाजाराने सर्वांत मोठी मानलेली चूक ठशाची नव्हतीच. वाढता उत्पादनखर्च आवरण्यासाठी विंचेस्टरने १९६४ मध्ये आपल्या रायफलींची घडण बदलली. १९३६ पासून नावाजलेल्या ७० क्रमांकाच्या मॉडेलमधील काडतूस घट्ट धरणारा रुंद पंजा गेला; दस्त्यावर हाताने कोरलेल्या जाळीच्या जागी दाबून उठवलेली नक्षी आली. ९४ मॉडेलमध्ये भरीव खिळ्यांच्या जागी पोकळ खिळे बसले आणि चौकटीचा धातू असा बदलला, की जुनी निळसर झिलई तीवर नीट धरेना. हिशेबाच्या कागदावर प्रत्येक बदल समर्थनीय होता. शिकाऱ्यांनी मात्र तो हिशेब नाकारला. 'चौसष्टपूर्व' हा शब्दच तेथे उत्तमपणाचा शिक्का होऊन बसला. कंपनीने पुढे काही सुधारणा केल्या, १९९० च्या दशकात तो जुना पंजाही परत आणला. पण मधली रेघ पुसली गेली नाही. २००६ मध्ये न्यू हेवनचा कारखाना बंद झाला, तेव्हा एके काळी हजारोंना पोसणाऱ्या त्या आवारात दोनशेहूनही कमी कामगार उरले होते. त्या अंताला कारणे अनेक होती; सारा दोष १९६४ वर टाकणे न्यायाचे होणार नाही. तथापि गेलेली पत परत मिळवणे किती अवघड असते, याचा दाखला म्हणून ते वर्ष कायमचे राहिले आहे.

थकलेल्या कारागिराचा हात एकदा चुकला, तर पुढची पिढी ती चूक कौतुकाने जपते, कारण तीत माणूस दिसतो आणि भोवतालच्या हजारो निर्दोष कामांची साक्षही मिळते. पण काम हलके करण्याचा निर्णय शांत डोक्याने घेतला जातो, तेव्हा त्याची प्रत्येक प्रत सारखीच निघते. तेथे अपवाद उरत नाही, आणि म्हणून क्षमाही उरत नाही.