तापलेल्या पानाचा फोटो

पाणी कमी पडले की पीक आधी पानांवरची रंध्रे मिटून घेते. रंध्रांतून वाफ निघत असते तोवर पान माठासारखे गार राहते. ती मिटली की पान तापू लागते. शिवार डोळ्यांना हिरवेगार दिसत असते, तेव्हाच ही तापमानवाढ सुरू झालेली असते. पानाच्या तापमानावरून पाण्याचा ताण मोजण्याची रीत अमेरिकेत आयडसो, जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली बसवली. आज मोबाइलला जोडायचा छोटा उष्णता-कॅमेराही हे तापमान टिपतो.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत २०१७ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख केंद्रात कुंड्या सरकत्या पट्ट्यावरून आपोआप कॅमेऱ्यापुढे येतात. एवढी यंत्रणा गावपातळीवरच्या केंद्राला परवडत नाही, आणि खरी निवड तर शेतातच करायची असते. उदाहरणार्थ, मिरज तालुक्यातल्या कसबे डिग्रज या गावच्या संशोधन केंद्राने ‘फुले संगम’ हे सोयाबीनचे वाण दिले. असे वाण निवडण्याच्या कामात कितीतरी वाणे शेजारी शेजारी लावून पारखावी लागतात. तिथे स्वस्त कॅमेऱ्याचे मोल मोठे.

पद्धत साधी आहे. प्रत्येक वाणाचे दोन वाफे करतात, एकाला पाणी देतात, दुसऱ्याचे तोडतात. निरभ्र दिवशी, वारा पडलेला असताना, भर दुपारी ठरलेल्या उंचीवरून उष्णता-कॅमेऱ्याचा आणि साधा रंगीत असे दोन्ही फोटो घेतात. चौकटीत पांढरे कार्ड ठेवले की रंगीत फोटोतला उजेडाचा फरक नंतर काढून टाकता येतो. घोटाळा होतो तो मातीमुळे. दुपारची उघडी काळी जमीन पानापेक्षा कितीतरी तापते, आणि ती फोटोत मिसळली तर चांगले वाणही नापास ठरते. म्हणून साध्या रंगीत फोटोवरून हिरवा भाग वेगळा काढून फक्त त्याचेच तापमान धरतात.

मात्र गार पान म्हणजे चांगले वाण, असा सरसकट हिशेब चालत नाही. जमिनीत खोलवर ओल असेल तर गार पान खोल मुळांची खूण ठरते. मिरजेच्या पूर्व भागात कोरडवाहू रब्बी ज्वारी साठलेल्या ओलीवरच वाढते. तिथे सुरुवातीलाच भरपूर पाणी उडवणारे ताट गार दिसते आणि दाणा भरायच्या वेळी कोरडे पडते. हात आखडून पाणी खर्चणारे थोडे तापलेले दिसते, पण शेवटपर्यंत तग धरते. त्यामुळे एका दुपारच्या फोटोवर निकाल देणे चूक आहे. पेरणीपासून दाणा पक्व होईपर्यंत त्याच वाफ्याचे फोटो काढत राहावे लागतात, कणसे बाहेर पडल्यावर खालची पाने किती दिवस हिरवी राहिली ते मोजावे लागते आणि काढणीनंतर ते आकडे दाण्याच्या वजनाशी ताडून पाहावे लागतात.